सरोजकाकूंचा राजीनामा

आमचं हिंदी दैनिक दर वर्षी एक विशेष पुरवणी काढतं. विषय बदलतो, छायाचित्रं बहुतेक तीच राहतात. यंदाचा विषय होता ‘आदर्श जनप्रतिनिधी’. इंदूरच्या डेस्कवरून देवासला मला फोन आला, धार आणि देवास या दोन जिल्ह्यांतून एकेक नाव पाठवा. धारसाठी मी सरोज कदम हे नाव दिलं.

“कौन सी पार्टी?”

“निर्दलीय. नगर परिषद अध्यक्ष थीं. पिछले साल नहीं रहीं.”

“फोटो है?”

फोटो शोधले. त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळातले बरेच फोटो मीच पाठवलेले होते. एकात त्यांचा अर्धा खांदा आहे. एकात माईकमागे पदराचं टोक. एका फोटोत सगळे मान्यवर फीत धरून हसत उभे आहेत आणि काकू खाली वाकून फितीची गाठ सोडवताहेत, कारण कात्री आणायची राहून गेली होती. चेहरा कुठेच दिसत नाही. डेस्कने नाव वगळलं. ते नाव मी का दिलं, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. इथे सांगतो.

गावाचं नाव लिहीत नाही. धारहून तिथे बस जाते, एवढं पुरे. मी तेव्हा तिथला बातमीदार होतो. त्या प्रकरणातली माणसं अजून एकमेकांच्या शेजारी राहतात.

सरोजकाकू कन्याशाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या सासरचं घराणं मराठी फौजेबरोबर माळव्यात आलेलं, पण तलवारीचं नव्हे. घोड्यांची खोगिरं शिवणारं. नवरा विजेच्या खात्यात लाइनमन होता, तो लवकर गेला. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात माळवी, असं त्यांचं आयुष्य. हिंदीभाषक गाव त्यांना काकीजी म्हणे, आम्ही मराठी घरातले काकू. त्या सगळ्यांना ‘आपण’ म्हणत; शिव्या देऊन गेलेल्या माणसालाही.

वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना उभं केलं आणि त्या निवडून आल्या. परिषदेत दोन गट बरोबरीचे निघाले. एक रामेश्वर पटेलांचा, दुसरा त्यांच्या विरोधकांचा. पटेल हे गावातले मोठे शेतकरी. स्वतः निवडणूक लढवत नसत, लढवणाऱ्यांना निवडत. दोन्ही गटांना वाटलं, ही शिवणबाई आपल्या मुठीत राहील. म्हणून दोन्हींनी मिळून त्यांना अध्यक्ष केलं. चूक दोन्हींच्या एकदमच लक्षात आली. तेव्हापासून काकूंवर अविश्वास प्रस्तावाची टांगती तलवार होती. तो आला नाही, कारण त्यांच्या जागी कोण, यावर दोन गटांचं जमत नव्हतं.

आमच्याकडे बाई निवडून आली की कारभार बहुधा नवरा पाहतो. त्याला ‘अध्यक्ष-पति’ म्हणतात. काही जण कार्डावर छापूनही घेतात. पहिल्याच आठवड्यात एक ठेकेदार काकूंच्या घरी आला. बसला, चहा प्याला, इकडे तिकडे बघत म्हणाला, “काकीजी, बात किससे करनी है? मतलब, अध्यक्ष-पति...”

काकूंनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. “उनसे कर लो भिया. जवाब दें तो मुझे भी बताना.”

भाषण त्यांना येत नसे. शपथेच्या दिवशी दोनच वाक्यं बोलल्या, त्यातलं एक होतं, “मैं पूरी चेष्टा करूँगी.” पहिल्या रांगेत त्यांची मुलगी वंदना आणि जावई विनायकराव बसले होते. विनायकराव साताऱ्याचे, देवासच्या कारखान्यात नोकरीला. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे त्यांच्या गावी नव्हतं. त्यांनी बायकोला कुजबुजत विचारलं, “आई कुणाची चेष्टा करणार आहेत?” वंदनाने तोंडाला पदर लावला. ही गोष्ट घरात पुष्कळ दिवस चालली.

पर्समध्ये सुईदोरा असे. परिषदेच्या एका बैठकीत पटेल गटाचा एक नगरसेवक टेबलावर हात आपटत ओरडला, “काकीजी, ये परिषद है, आपकी सिलाई-कक्षा नहीं!”

काकू त्याच्या मनगटाकडे बघत होत्या. “कफ का बटन लटक रहा है. एक बार और हाथ पटकोगे तो गिर जाएगा. इधर दो.”

सभागृह हसलं. त्याला काय करावं सुचेना, त्याने हात पुढे केला. काकू बटण टाकू लागल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, “हाँ, बोलिए. नाली का क्या कह रहे थे?” तो नालीबद्दल बोलला. हळू आवाजात, मुद्द्याचं बोलला. पुढे मी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, “हात दुसऱ्याच्या हातात असला की माणसाला ओरडता येत नाही. मुलींच्या वर्गात शिकले मी हे.”

पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाला संगमरवरी पाटी करायची होती. अभियंत्याने नेहमीप्रमाणे नावांसाठी जागा सोडून नमुना आणला. काकूंनी त्यात लिहून दिलं: पाणी आलं नाही तर कुठे सांगायचं. दुसरं काही नाही. अभियंता म्हणाला, “काकीजी, नाम कहाँ जाएँगे?” त्या म्हणाल्या, “नाम पढ़के कौन सी बाल्टी भरती है?” ज्यांची नावं गेली ते सगळे नाराज झाले, आणि ते नाराज राहिले. काकूंना अशा नाराजीचा हिशेब ठेवता येत नसे, हा त्यांचा दोष होता. राजकारणात तो मोठा दोष आहे.

दुसराही दोष होता. विनायकरावांच्या भावाने बसस्टँडवरच्या गाळ्यासाठी अर्ज केला होता. वाटप चिठ्ठ्या टाकून व्हायचं होतं, अर्ज नियमात बसत होता. काकूंनी तो मागे घ्यायला लावला. वंदना देवासहून आली. मी परिषदेची बातमी विचारायला गेलो होतो, दारातूनच ऐकलं.

“आई, आम्ही चोर आहोत का?”

“नाही.”

“मग?”

“चिठ्ठी निघाली असती तर लोक काय म्हणाले असते?”

“लोकांना वाटेल म्हणून आमचा हक्क सोडायचा? तू सोड हवं तर तुझा. आमचा का सोडतेस?”

त्या दिवसापासून वंदनाने येणं बंद केलं. दुपारचा एक फोन उरला, तोही जेवलीस का, जेवले, एवढाच. काकूंनी तेव्हा जास्तच केलं असं मला वाटलं होतं. अजूनही वाटतं.

आता मुख्य प्रकरण.

गावाच्या खालच्या अंगाला एक वसाहत आहे. निसरपुराकडची काही कुटुंबं, धरणामुळे नर्मदेचं पाणी चढल्यावर, तिथे आणून वसवलेली. गाव त्यांना ‘डूबवाले’, म्हणजे बुडितातले, म्हणतं. त्यांना स्मशानासाठी जागा नेमून दिलेली होती. नकाशात तिथवर रस्ताही होता. जमिनीवर त्या जागी रामेश्वर पटेल आणि त्यांच्या भावांचं सामाईक शेत होतं. सुरुवातीला पटेलांनी अडवलं नाही. मग एकदा अंत्ययात्रा उभ्या हरभऱ्यातून गेली, शब्दाला शब्द लागला, लाठ्या निघाल्या. दोन्हीकडच्या पोरांवर खटला झाला. पटेलांचा मुलगा त्यात होता आणि वसाहतीचा म्होरक्या मांगीलाल, त्याचाही. दोघेही पोलिसभरतीच्या तयारीत होते, दोघेही अडकले. पटेलांनी शेताला काटेरी तार घातली. त्यानंतर वसाहतीतली मयतं दूरवरच्या नाल्यातून, चिखल तुडवत नेली जात.

इथे एक शब्द समजावून सांगितला पाहिजे. असा खटला दोन्ही पक्षांनी आपसांत मिटवला की इकडच्या कोर्टात त्याला ‘राजीनामा’ म्हणतात. दोघं राजी झाले, तसं लिहून दिलं, तो राजीनामा. पद सोडण्याला इकडे ‘इस्तीफा’. माळव्यातल्या मराठी घरांतही राजीनामा म्हटलं की बहुधा कोर्टातली तडजोडच कळते. महाराष्ट्रातल्या वाचकाला त्याचा दुसराच अर्थ कळेल. विनायकरावांनाही तोच कळला.

फाल्गुनात मांगीलालचा थोरला भाऊ वारला. नाल्यात त्या वर्षी अवेळी पाणी होतं. वसाहतीने ठरवलं की यात्रा शेतातूनच जाईल. मी पोचलो तेव्हा तिरडी तारेपाशी जमिनीवर ठेवलेली होती. ऊन चढलं होतं. तारेच्या अलीकडे वसाहतीतले सगळे पुरुष, मागे बायका. पलीकडे पटेल, त्यांचा मुलगा आणि लाठ्या घेतलेली माणसं. गहू कापणीला आलेला. पोलिसांची जीप रस्त्यावर उभी होती आणि त्यातला अधिकारी फोनवर आणखी माणसं मागत होता.

काकू चालत आल्या. तिरडीपाशी थांबल्या, नमस्कार केला. मग पदर सावरून तारेखालून वाकून पलीकडे गेल्या आणि पटेलांच्या बांधावर, पटेलांच्या माणसांच्या मध्ये बसल्या.

बायकांमध्ये कुजबुज झाली. “देखो, काकी तो उधर बैठ गई.”

“काकीजी, आप बीच में मत आओ,” पटेल म्हणाले.

“बीच में कहाँ हूँ? आपकी तरफ बैठी हूँ.”

“आज निकलने दूँ तो रोज का हो जाएगा.”

“हो तो जाएगा. लोग तो मरेंगे, पटेल साब. उधर के भी, इधर के भी.”

पटेलांच्या मुलाने लाठी जमिनीवर आपटली. तारेपलीकडून मांगीलाल ओरडला, “म्हारो भाई सबेरे से धूप में पड्यो है, पटेल! थारो होतो तो?” गर्दी पुढे सरकली. तार वाकली. अधिकारी जीपमधून उतरला.

काकू उठल्या नाहीत. त्यांनी पटेलांच्या मुलाकडे बघून विचारलं, “इसकी भर्ती का क्या हुआ?”

“क्या होना है? मुकदमा है.”

“मांगीलाल के लड़के का भी वही है. एक ही मुकदमा. दोनों छूटेंगे, नहीं तो दोनों बैठेंगे घर में.”

पटेलांनी मुलाकडे बघितलं. मग म्हणाले, “राजीनामा करेंगे वो लोग?”

“पूछती हूँ.” त्यांनी बसल्या जागेवरून, वर्गात हाक मारावी तसं विचारलं, “मांगीलालभाई! रस्ता मिला तो राजीनामा करोगे?”

मांगीलालने तिरडीकडे बघितलं. “रस्तो पक्को होय तो करांगा. लिखा-पढ़ी में.”

“मेरे भाई अड़ेंगे,” पटेल काकूंना हळूच म्हणाले. “खाता शामिल है. सबके दस्तखत लगेंगे.”

“भाइयों की बात बाद में. आप मानते हो?”

पटेलांनी स्वतः जाऊन खांब हलवला आणि उपटला. “मेंढ़ के किनारे से,” ते बांधाकडे हात करून म्हणाले. “फसल में पाँव नहीं.” तिरडी उचलली गेली. लाठ्या घेतलेली माणसं बाजूला झाली. सगळे जाईपर्यंत काकू बांधावरच बसून होत्या.

परतताना मी विचारलं, त्या बाजूला का बसलात? त्या म्हणाल्या, “ज्याच्याकडून काही सोडवून घ्यायचंय त्याच्या शेजारी बसावं लागतं. समोर उभं राहून मागितलं असतं तर तो आधी माझ्याशी भांडला असता.”

पटेलांच्या ओट्यावर त्यांनी पाणी घेतलं आणि वंदनाला दुपारचा नेहमीचा फोन लावला. फोन जावयाने उचलला. काकू म्हणाल्या, “बरं, जेवत असेल तर असू दे. विनायकराव, तिला सांगा, राजीनामा झाला. फार हलकं वाटतंय. आता घरी जाऊन निजते.”

विनायकरावांनी भाबडेपणाने आणि अभिमानाने देवास-धारच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकलं: ‘आईंनी आज अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. मन हलकं झालं म्हणाल्या.’ धारच्या कुणी तरी ते हिंदीत पुढे पाठवलं, आणि हिंदी करताना ‘इस्तीफा’ केलं. चिता पेटत होती तेवढ्या वेळात बातमी गावात पोचली. मला डेस्कचा फोन आला: “अध्यक्ष के इस्तीफे की पुष्टि करो.”

मी घरी गेलो. काकू खरंच निजल्या होत्या. उठवून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, मग एकदाच हसल्या. “जावईबापूंनी साताऱ्याचा राजीनामा ऐकला.” तेवढ्यात वंदनाचा फोन आला. ती रडत होती. “आई, खरंच सोडलंस? ये तू इकडे. मी येते न्यायला.” काकू म्हणाल्या, “थांब जरा. मग करते.” त्यांनी फोन ठेवला.

पटेलांच्या गल्लीकडून फटाक्यांचा आवाज आला.

पाठोपाठ मागच्या अंगणातून पटेल आले. एकटे. चपला हातात होत्या. “काकीजी, एक बिनती है. खंडन मत करना. भाई लोग चढ़ बैठे थे मेरे ऊपर, कि जमीन दे आया. इस्तीफे की खबर आई तो ठंडे पड़े. समझ रहे हैं रस्ता दिया और कुर्सी ली. खंडन हुआ तो एक भी दस्तखत नहीं करेगा. तार आज ही वापस लग जाएगी.”

“मैंने तो दिया ही नहीं है.”

“जानता हूँ. दो-चार दिन चुप रह जाओ बस.”

पुढच्या दाराशी माणसं जमली होती. मांगीलाल सगळ्यांत पुढे, मयताची आंघोळ केलेले केस अजून ओले. त्यानेही फटाके ऐकले होते. “काकीजी, बाहर आओ! बोलो के झूठ है. पटेल ने रस्ता का बदला में आपकी कुर्सी ली होय तो हम राजीनामो नी करांगा. अब्भी सब तोड़ांगा.”

नाकारलं तर पटेलांचे भाऊ फिरणार होते. गप्प राहिलं तर वसाहत. मी काकूंकडे बघत होतो. त्या विचार करताना उजव्या हाताची बोटं एकमेकांवर घासत, दोरा वळल्यासारखी. तसं त्यांनी थोडा वेळ केलं. मग उठल्या, आणि मागच्या दाराने आलेल्या पटेलांना म्हणाल्या, “चलिए.” घरातून चालवत त्यांना पुढच्या दाराशी आणलं. गर्दीने पटेलांना तिथे बघितलं आणि एकदम आवाज चढला.

“सुनो,” काकू म्हणाल्या. “दोपहर की खबर झूठी थी. मैंने इस्तीफा नहीं दिया था और पटेल साब ने माँगा नहीं था. पटेल साब, सही है?”

“सही है,” पटेल म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

“अब दे रही हूँ.”

कुणालाच पहिल्यांदा कळलं नाही. मांगीलाल म्हणाला, “क्यों?”

“आपको रस्ता चाहिए कि मैं?”

“दोनों.”

“दोनों का नहीं जमेगा, मांगीलालभाई.”

“पर क्यों? कारण तो बोलो!”

काकू बोलल्या नाहीत. कारण त्यांच्या शेजारीच उभं होतं. ते उघड केलं असतं तर पटेल आपल्या भावांपुढे उघडे पडले असते. पटेल खाली बघत होते. मागून एक पोरगा ओरडला, “बिक गई काकी!” दोघातिघांनी तेच म्हटलं. मांगीलालने त्यांना थांबवलं नाही. तो काकूंकडे बघत म्हणाला, “राजीनामो करांगा. आपका मुँह देखके नी. रस्ता के लिए.” आणि वळला.

गर्दी पांगल्यावर पटेल म्हणाले, “मैंने इतना तो नहीं कहा था, काकीजी.”

“आप दस्तखत ले आओ,” त्या म्हणाल्या आणि आत कागद शोधायला गेल्या.

मी माझं काम केलं. विचारलं, “कारण काय लिहू?”

“खासगी.”

“काकू, वसाहत तुम्हाला विकलेली म्हणतेय. दोन ओळी खऱ्या छापल्या तरी...”

“मला कोण काय म्हणतं यावर रस्ता अडलेला नाही. सह्यांवर अडलाय.” मग कागदावरून मान वर करून त्यांनी विचारलं, “अहो, इस्तीफामधला ‘स’ अर्धा ना? इतक्या वर्षांत लिहायची वेळच आली नाही.”

दुसऱ्या दिवशी त्या बसने धारला गेल्या आणि अर्ज हातोहात देऊन आल्या. बातमीत ‘निजी कारणों से’ छापलं गेलं.

पटेलांनी सह्या आणल्या. एक भाऊ शेवटपर्यंत अडला होता, तोही आला. कोर्टात राजीनामा झाला, दोन्ही पोरं सुटली. तार बांधाच्या आत सरकली आणि कडेने स्मशानाचा रस्ता मोकळा झाला. परिषदेत पटेलांच्या गटाचा अध्यक्ष झाला. काकूंना निरोप द्यायला कुणी आलं नाही, वसाहतीतून तर नाहीच. बाजारात बायका त्यांच्याशी बोलायच्या थांबल्या. काही महिन्यांनी वंदना येऊन त्यांना देवासला घेऊन गेली.

पुढे माझीही बदली देवासला झाली. टेकडीच्या खालच्या बाजूला वंदनाचं घर होतं, मी अधूनमधून जात असे. विनायकराव दर भेटीला माफी मागत. काकू म्हणत, “आपली मराठी बरोबर होती हो. बिघडलेली आमची.” वंदना स्वयंपाकघरातून म्हणे, “त्या चुकीमुळे तरी आई मिळाली मला.”

एकदा मी म्हटलं, आता तर सह्या झाल्या, खटला संपला, मांगीलालला खरं काय ते कळवू का?

“आता कळवलं तर पटेल लहान होतील,” त्या म्हणाल्या. “त्या दोघांना रोज एकमेकांचं तोंड बघायचंय. मी काय, इथे आहे.”

सार्वजनिक जीवनात नम्र आणि निःस्वार्थ माणसांची गरज आहे, असं मंचावरून सांगणारे मला नोकरीत पुष्कळ भेटले. मी त्यांची भाषणं घेतली, छापली. ते म्हणतात ते खरंच आहे. अडचण आमच्या बाजूला आहे. अशा माणसाने काही केलं की आमच्या पानावर त्याची नोंद ‘निजी कारणों से’ एवढीच होते, आणि नव्याने राजकारणात येणाऱ्या पोरांना वाचायला बाकीच्यांची चरित्रं उरतात.

काकूंना मी शेवटचं बाहेर पाहिलं ते त्याच गावात. मांगीलाल गेल्याचं मला तिथल्या ओळखीच्यांकडून कळलं, मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मी येते. वंदना नको म्हणत होती. गुडघे दुखत होते, आणि तिथे कुणी काही बोललं तर? पहाटेच्या बसने आम्ही निघालो. उतरलो तेव्हा यात्रा वसाहतीतून निघाली होती. काकू पुढे गेल्या नाहीत. शेताच्या तोंडाशी, बांधाच्या कडेला उभ्या राहिल्या. पलीकडे पटेल आपल्या भावांबरोबर उभे होते. त्यांनी काकूंना ओळखलं, हात जोडले, पण जागचे हलले नाहीत.

यात्रा जवळ आली. पुढे मडकं धरून मांगीलालचा मुलगा, आता पोलिसात असलेला. खांदा देणाऱ्यांत त्या दुपारी ओरडणारी पोरं होती, आता बापे झालेली. त्यांच्यातला एक जण काकूंना बघून न ओळखता म्हणाला, “माँजी, जरा बाजू में.” काकू एक पाऊल मागे सरकल्या.

त्या कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या. वाकून, डोळे बारीक करून, त्या खांदेकऱ्यांच्या पायांकडे बघत होत्या. तिरडीच्या दोन्ही अंगांनी माणसं चालत होती. एकीकडे तार होती, दुसरीकडे गहू. बाहेरच्या बाजूच्या माणसांचे पायही रस्त्यावरच पडत होते, गव्हात नाही. शेवटचा माणूस वळणापलीकडे जाईपर्यंत काकू तशाच वाकून बघत राहिल्या. मग सरळ झाल्या आणि मला म्हणाल्या, “पुरतो.”

परतीची बस लागायला वेळ होता. आम्ही स्टँडकडे चालायला लागलो.